भेग धरून ठेवणारी तार

२६ सप्टेंबर २०२४, गुरुवार

काल दुपारी लागलेला पाऊस रात्री उशिरा ओसरला. आज शाळांना सुट्टी. सकाळीच मजासवाडीतल्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला, "मॅडम, पार्किंगमधल्या कोपऱ्यातल्या कॉलमचा तुकडा गाडीवर पडलाय." नऊ वाजता जोगेश्वरी पूर्वेला पोचले. १९८६ सालची इमारत, तळमजला अधिक चार मजले, खालचा निम्मा भाग पार्किंगचा. कॉलमच्या कोपऱ्याची हातभर लांब खपली निघाली होती आणि आत सळई उघडी पडली होती. बोट फिरवलं तर तांबडे पापुद्रे हातात आले. ब्रशने घासून व्हर्नियर लावला. मुळात २० मिमीची सळई, एका जागी १४ भरली.

लोखंड गंजलं की गंजाचं आकारमान मूळ धातूच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जातं. फुगलेल्या सळईला जागा लागते आणि ती जागा ती काँक्रीट फोडून घेते. भेग पडली की पाणी आणि हवा सरळ आत, मग आणखी गंज. मुंबईच्या उपनगरांत सत्तर-ऐंशीच्या दशकांत उभ्या राहिलेल्या कितीतरी इमारतींचं दुखणं हेच आहे.

खपलीच्या जरा वर प्लास्टरचा एक चौकोन वेगळ्या रंगाचा दिसला. आधी कुणीतरी केलेली दुरुस्ती. हातोडीने टिचकी मारली तर पोकळ वाजला. गंजलेली सळई तशीच ठेवून वरून सिमेंट थापलेलं. राग आला. त्या कॉलमवर चार मजल्यांचे संसार उभे आहेत आणि कुणीतरी त्याला पावडर लावून निघून गेलं.

दुपारी लोखंडी टेकू मागवले. कॉलमच्या दोन्ही बाजूंच्या बीमखाली लावून, जॅक आवळूनच तिथून निघाले.

३० सप्टेंबर, सोमवार

तपासण्या. फोडलेल्या जागी फिनॉल्फ्थॅलीन फवारलं. काँक्रीट निरोगी असेल तर ते गडद गुलाबी होतं, कारण त्याचा पीएच साडेबाराच्या आसपास असतो आणि त्या अल्कलीत सळई सुरक्षित राहते. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं मुरत गेला की पीएच नऊपर्यंत उतरतो आणि रंग येत नाही. इथे सळईच्या मागेपर्यंत रंग आला नाही. अर्धघट चाचणीत पार्किंगमधल्या बहुतेक कॉलमवर उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडचे आकडे आले, म्हणजे गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त. ध्वनिलहरींचा वेग काही ठिकाणी सेकंदाला ३ किलोमीटरच्याही खाली.

वरच्या मजल्यांची स्थिती मात्र बरी आहे. अहवालात सी-२-बी लिहिणार, म्हणजे इमारत रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती. महापालिका अधिनियमाच्या ३५३-ब कलमाप्रमाणे तीस वर्षांवरच्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण सक्तीचं आहे. इथे तारीख उलटून कितीतरी काळ गेला होता. दोष कुणा एकाचा नाही. पुनर्विकास होणारच आहे, मग खर्च कशाला, या एका वाक्यावर अर्ध्या मुंबईची दुरुस्ती थांबलेली असते.

६ ऑक्टोबर, रविवार

सोसायटीची सभा, गच्चीवर. नवरात्रातल्या घटाला माळ घालून आलेल्या बायका, खुर्च्या कमी, लहान मुलं पायऱ्यांवर. अडीच तास चालली.

तिसऱ्या मजल्यावरच्या एका तरुण सभासदाने पोलादी तंतूंबद्दल वाचून ठेवलं होतं. प्रश्न सरळ होता, "मॅडम, काँक्रीटमध्ये स्टील फायबर टाकलं तर कॉलम जाड करायला लागणार नाही ना? सळया, रिंगा हे सगळं वाचेल ना?" पार्किंगच्या जागेची भांडणं आधीच चालू आहेत. कॉलम चारी बाजूंनी १०० मिमी वाढला तर एका गाडीचं दार उघडणार नाही, हे सगळ्यांना डोळ्यांसमोर दिसत होतं.

मी सांगितलं ते इथेही लिहून ठेवते, कारण हा प्रश्न पुन्हा येणार. तंतू सळईची जागा घेत नाहीत. सळई अखंड असते आणि वजन या टोकापासून त्या टोकापर्यंत वाहून नेते. तंतू एक ते साडेतीन सेंटिमीटरचे, काँक्रीटभर विखुरलेले, कुठल्या दिशेला तोंड करून पडतील याचा नेम नाही. त्यांचं काम भेग पडल्यावर सुरू होतं. भेगेच्या दोन काठांना ते आरपार धरतात आणि ती रुंद होऊ देत नाहीत. एका मोठ्या भेगेच्या जागी केसासारख्या अनेक बारीक भेगा पडतात. ओल्या जागी भेग ०.२ मिमीच्या आत ठेवा असं आयएस ४५६ हे भारतीय मानक सांगतं. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत हा आकडाच इमारतीचं आयुष्य ठरवतो.

कॉलमच्या आवरणाची किमान जाडी आयएस १५९८८ ने १०० मिमी ठरवली आहे. आत नव्या उभ्या सळया, ८ मिमीच्या रिंगा, त्यांचे आकडे १३५ अंशांत आत वळवलेले. त्यात मी एक मिलिमीटर कमी करणार नाही. तंतू घालायचे ते त्याच्या जोडीला. कॉलम दाबाखाली बेजार होतो तेव्हा आधी बाहेरचं कव्हर उडतं आणि मग सळया रिंगांच्या मधल्या भागात बाहेर वाकतात. तंतू असले तर कव्हर जागेवर टिकतं आणि वाकण्याला वेळ लागतो.

वेळ हा शब्द उच्चारला आणि घाटकोपर आठवलं. २५ जुलै २०१७, दामोदर पार्कजवळची साईदर्शन. चार मजल्यांची इमारत, तळमजल्यावर फेरबदल चालू होते. सकाळी बघता बघता खाली आली, १७ माणसं गेली. ते नाव मी सभेत घेतलं. सगळे गप्प झाले. काँक्रीट मोडतं तेव्हा सांगून मोडत नाही, विशेषतः बीमच्या टोकाशी तिरकी भेग जाते तेव्हा. सांगून मोडेल अशी रचना करणं हेच आमचं काम. तिथे तंतूंचा खरा उपयोग आहे. अमेरिकेच्या एसीआय ३१८ संहितेने २००८ मध्ये ६०० मिमीपर्यंत खोलीच्या बीममध्ये किमान रिंगांऐवजी तंतू चालतील अशी सवलत दिली, पण घनमीटरला किमान साठ किलो आणि चाचणीत उतरल्यावरच. जुन्या इमारतीत, जिथे रिंगा आधीच विरळ आहेत, तिथे असलेल्या रिंगांच्या सोबतीला मी तंतू घालीन, त्यांच्या बदल्यात नाही.

शेवटी ठराव झाला. कॉलमना पूर्ण आवरण. तळमजल्याच्या बीमना तीन बाजूंनी पातळ तंतुमय आवरण. गच्चीवरचा जुना विटांचा कोबा काढून त्याजागी ५० मिमीचा तंतुकाँक्रीटचा थर. कोबा सव्वाशे ते दीडशे मिमी जाड आणि पाणी पिऊन बसलेला, तो निघाला की इमारतीवरचं ओझं उलट कमी होईल. दुरुस्ती निधी उपविधीप्रमाणे बांधकाम खर्चाच्या वर्षाला पाऊण टक्का जमायला हवा होता. जमला नव्हता, म्हणून हप्ते पडले.

८ ऑक्टोबर, मंगळवार

चाचणीचे बीम ओतले. दोन प्रकारचे तंतू आणले आहेत. गच्चीसाठी ३५ मिमी लांब, ०.५५ मिमी जाड, दोन्ही टोकांना आकडा. कॉलम-बीमसाठी १३ मिमीचे, ०.२ मिमी जाड, सरळ, पितळी मुलामा दिलेले. कॉलमसाठी लांब तंतू चालणार नाहीत. जुनं काँक्रीट आणि नवी सळई यांत बोटभर फट राहते, ३५ मिमीची तार त्यात आडवी अडकून जाळी धरते आणि खाली काँक्रीट पोचतच नाही.

मोठ्या तंतूंच्या एका किलोत साधारण पंधरा हजार तारा बसतात. घनमीटरला ४० किलो म्हणजे सहा लाख. त्या सगळ्या एकमेकींपासून सुट्या राहायला हव्यात, खरी मेहनत तिथे आहे. या तारा पट्ट्यांत चिकटवून येतात, पाण्यात डिंक सुटला की मोकळ्या होतात. मिस्त्रींना सांगितलं, खडी-रेती-सिमेंट आधी फिरू द्या, तंतू शेवटी, मूठ-मूठ, मिक्सर चालू असताना. कुणी पोतं एकदम उलटं केलं की तारांचे गोळे होतात आणि तो माल टाकूनच द्यावा लागतो.

मिस्त्री जालन्याकडचे, साठीला टेकलेले. पहिली मूठ हातात घेऊन म्हणाले, "आमच्याकडं धाब्याच्या घराला पांढरी माती मळताना भुसा घालायचे. न घातला तर उन्हाळ्यात भिंत तडकायची." विचार एकच, भुशाच्या जागी पोलाद आलं.

पोलादाचे तुकडे काँक्रीटमध्ये घालायची कल्पना एकोणिसाव्या शतकातली. शास्त्र म्हणून मात्र ती १९६३ साली अमेरिकेत रोमुआल्दी आणि बॅट्सन यांच्या शोधनिबंधांपासून उभी राहिली. पुढे नॉर्वेने बोगद्यांच्या छताला जाळी ठोकायचं सोडून तंतुमय काँक्रीट फवारायला सुरुवात केली. जाळी बांधताना मोकळ्या खडकाखाली उभ्या राहणाऱ्या मजुरांचा जीव वाचला. मला त्या शोधातली ही बाजू सगळ्यात मोलाची वाटते.

५ नोव्हेंबर, मंगळवार

अठ्ठावीस दिवस झाले. दिवाळी उरकली, कारागीर छटपूजेला गावी गेले आहेत, साइट शांत. बीम घेऊन प्रयोगशाळेत गेले. १५० बाय १५० मिमीचा, ५५० मिमी लांब ठोकळा, खाली मधोमध २५ मिमीची खाच. दोन टेकूंवर ठेवायचा आणि मध्यावर दाब द्यायचा.

पहिला बिनातंतूचा. १४ किलोन्यूटनला एकच आवाज झाला आणि दोन तुकडे. यंत्राचा काटा सरळ शून्यावर. तोडल्या जागी खडी अर्ध्यातून कापलेली, स्वच्छ.

दुसरा तंतूंचा. जवळपास तेवढ्याच भाराला खाचेतून एक रेघ वर चढली, काटा थोडा उतरला आणि थांबला. भेगेचं तोंड ०.५ मिमी, १ मिमी, दीड मिमी. कान जवळ नेला तर आत बारीक कटकट ऐकू येत होती, तारा एकेक करून सरकत होत्या. तोंड २.५ मिमी उघडलं तरी ठोकळा ९ किलोन्यूटनच्या वर भार घेऊन उभा. तंत्रज्ञ तरुण मुलगी होती, हे रोज बघत असेल, तरी दोघीही यंत्रासमोरून हललो नाही.

मग पहारीने दोन्ही भाग वेगळे केले आणि भिंगातून पाहिलं. तुटल्या पृष्ठभागावर तारा उभ्या राहिल्या होत्या. जवळजवळ प्रत्येकीचा आकडा सरळ झालेला. मला हेच हवं होतं. तार तुटायला नको, काँक्रीटमधून ओढली जायला हवी. आकडा सरळ होताना जी ताकद खर्ची पडते तीच भेगेला रोखून धरते. काँक्रीट फार कडक आणि तार मऊ असेल तर तार मधेच तुटते आणि सगळा फायदा जातो. दोन-तीनच तुटलेल्या सापडल्या. गच्चीसाठी हेच प्रमाण कायम.

स्वित्झर्लंडमध्ये जिनीव्हा सरोवराकाठच्या शियों पुलांची दुरुस्ती आज पुन्हा वाचली. सुमारे दोन किलोमीटरचे जोडपूल, १९६९ पासून वापरात. काँक्रीटच्या आतच रासायनिक फुगवटा सुरू झाल्याचं लक्षात आल्यावर २०१४ आणि २०१५ मध्ये एकेक पूल घेऊन वर जेमतेम ४ ते ५ सेंटिमीटरचा अतिउच्च क्षमतेच्या तंतुकाँक्रीटचा थर दिला. लोझानचे प्राध्यापक ब्रुव्हिलर यांचं हे काम. पाणी आत जाणं थांबलं आणि पुलाची ताकदही वाढली. आपल्याकडे अंधेरीच्या गोखले पुलाचा एक भाग ३ जुलै २०१८ ला रुळांवर कोसळला, २०२२ च्या नोव्हेंबरात तो पूल बंदच करावा लागला. मात्र शेजारचा बर्फीवाला पूल यंदा जॅकने एका बाजूला १,३९७ मिमी आणि दुसऱ्या बाजूला ६५० मिमी उचलून नव्या गोखले पुलाला जोडला, हेही याच शहरात झालं. कौशल्य इथे आहे. ते वेळेवर वापरलं जात नाही, हे माझं दुःख आहे.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

कोपऱ्यातला कॉलम फोडला. सैल काँक्रीट सळईच्या मागे दोन सेंटिमीटर जाईपर्यंत काढायचं, नाहीतर नव्याच्या मागे जुनं गंजकं राहतं. रिंगा ३०० मिमीवर निघाल्या, दोन तर नावापुरत्या उरलेल्या. दिवसभर ब्रेकरचा आवाज. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी जिन्यात भेटल्या, "पोरी, घर हलतंय गं." त्यांना खाली आणून टेकू दाखवले, कुठलं वजन कुठून जातंय ते सांगितलं. आजींनी एकेका टेकूला हात लावून पाहिला आणि मग वर गेल्या.

सळयांना वायर ब्रश, मग गंजरोधक लेप. जुन्या काँक्रीटला छन्नीने टोचे मारून खरखरीत केलं. नव्या-जुन्याचा सांधा सुटला तर आतले तंतू कितीही चांगले असोत, नवं कवच नुसतं बाजूला उभं राहील. म्हणून छिद्रं पाडून, हवेने धूळ काढून, इपॉक्सीत आडव्या खुंट्या बसवल्या. माझा निम्मा वेळ धूळ नीट निघाली की नाही ते बघण्यात गेला, आणि तो तसाच जायला हवा.

२० नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेचं मतदान, साइट बंद. मत देऊन जोगेश्वरीच्या लेण्यांत गेले. सहाव्या शतकातलं कोरीव काम, वर वस्ती, आत ओल. मंडपाचे खांब जवळजवळ आहेत कारण खडकाला ताण सोसत नाही, त्याला दाबच समजतो. दोन खांबांत अंतर वाढवलं असतं तर छत खालून फाटलं असतं. ज्यांनी हे कोरलं त्यांना ते हाताने ठाऊक होतं.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

कॉलमचं आवरण ओतलं. आधी प्लायच्या खोक्यात नमुना ओतून पाहिला, उघडल्यावर तळाचा कोपरा भरलेला निघाला, मग परवानगी दिली. मालाला घनमीटरला ६० किलो छोटे तंतू.

तंतू खरंच सगळीकडे पोचले का, हे ओतल्यावर कुणालाच कळत नाही. म्हणून ताज्या मालातून १० लिटरची बादली घ्यायची, चाळणीवर धुवायची, लोहचुंबकाने तारा वेचायच्या, वाळवून तोलायच्या. ६०० ग्रॅम यायला हवेत. पहिल्या घाण्यात ५९०. दुसऱ्यात ६१५. तिसऱ्यात ४४०. घाणा थांबवला. बिगाऱ्याने घाईत एक पुडी कमी टाकली होती, रिकाम्या पुड्या मोजल्यावर उलगडा झाला. तो माल पार्किंगच्या उतारावर वापरला. मिस्त्रींनी तेव्हापासून पुड्या एका खिळ्याला टोचून ठेवायला लावल्या, प्रत्येक घाण्याला हिशोब. माझ्या कुठल्याही नियमापेक्षा तो खिळा कामाचा ठरला.

५ डिसेंबर, गुरुवार

शटरिंग काढलं. एका बाजूला वीतभर उंचीवर किंचित पोकळी, ती ग्राउटने भरली. बाकी हातोडीखाली भरीव आवाज. गोणपाट गुंडाळून सतत ओलं ठेवायचं, चौदा दिवस. सेक्रेटरींनी सकाळ-संध्याकाळ पाणी मारायची पाळी घरोघर लावून दिली आहे.

३१ डिसेंबर, मंगळवार

प्रदूषित हवेमुळे बोरिवली पूर्व आणि भायखळ्यात बांधकामं थांबवल्याची बातमी. आमच्याकडे अजून तसा आदेश नाही, पण फोडकाम पाणी मारूनच चालू ठेवलं आहे, गच्चीभोवती हिरवी जाळी बांधली आहे.

गच्चीच्या थरावर तपकिरी ठिपके दिसू लागले, म्हणून दोन सभासद घाबरून आले. "मॅडम, हेही गंजायला लागलं!" ठिपका खरवडून दाखवला, खाली दोन मिलिमीटरवर तार चकचकीत. पृष्ठभागावरच्या तारेचं टोक गंजतं आणि तिथेच थांबतं. तार इतकी बारीक की तिच्या गंजाला काँक्रीट फोडायची ताकद नसते आणि तारा एकमेकींना जोडलेल्या नसल्याने गंज पुढे सरकत नाही. मुलं अनवाणी खेळतात म्हणून वर उभी राहिलेली टोकं घासून घेतली, संरक्षक लेप पुढच्या आठवड्यात.

सोसायटीच्या फाइलसाठी कागद तयार केला. कुठल्या कॉलमला, कुठल्या बीमला, कुठल्या जातीचे तंतू, घनमीटरला किती किलो, प्रत्येक घाण्याचं वजन, ओतल्याची तारीख. जुनी सळई कुठे किती उरली होती त्याचे फोटो. खाली ठळक अक्षरांत लिहिलं आहे की पार्किंगच्या बीमना एसीच्या पाइपासाठी किंवा केबलसाठी भोक पाडायचं नाही. पुढच्या परीक्षणाला जो कुणी इंजिनिअर येईल त्याला छन्नी लावायच्या आधी हा कागद मिळावा, म्हणून एक प्रत सेक्रेटरींकडे, एक लिफ्टच्या खोलीत लॅमिनेट करून. उत्तरेकडच्या दोन कॉलमचं काम जानेवारीत सुरू करायचं आहे. टेकू तोपर्यंत हलवायचे नाहीत.